कर्जाबरोबर गळ्यात मारलेला विमा: पैसे परत मागायचे ते कसे

१० लाखांचे गृहकर्ज मंजूर झाले आणि हातात पडले ९ लाख ५२ हजार. मधले ४८ हजार कुठे गेले असे विचारले की काउंटरवरून उत्तर येते, “ते इन्शुरन्सचे, सगळ्यांचेच कापतात.” गावातले घर बांधायला, होडीचे इंजिन बदलायला, काजू प्रक्रियेचे युनिट टाकायला किंवा होमस्टेच्या दोन खोल्या वाढवायला कर्ज काढणारी कोकणातली बरीच माणसे हे उत्तर ऐकून गप्प बसतात. गप्प बसायचे काही कारण नाही. कर्ज घेणाऱ्याने आयुर्विमा काढलाच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. जो विमा न सांगता, खोटे सांगून किंवा अडवून विकला, त्याचे पैसे परत मागता येतात. वकील लागत नाही, फी लागत नाही. लागतात ते कागद, आणि तारखांचे भान.

रक्कम किरकोळ वाटली तरी एकदा हिशोब मांडून पाहा. विम्याचे ४८,००० रुपये कर्जातूनच गेले, म्हणजे त्यावर व्याज तुम्ही भरता. ९ टक्के दर आणि १५ वर्षांची मुदत धरली तर मासिक हप्त्यातले साधारण ४८७ रुपये नुसते या विम्याचे असतात. १८० हप्त्यांत ते ८७,६०० च्या आसपास जातात. म्हणून तक्रारीत फक्त विम्याचा हप्ता मागून भागत नाही, त्यावर लागलेले व्याजही मागावे लागते.

आधी कोणता विमा कापलाय ते ओळखा

कर्जासोबत तीन-चार प्रकारचे विमे येतात आणि त्यांचे नियम निरनिराळे आहेत. इथे गल्लत झाली तर पुढची सगळी तक्रार भरकटते.

तारण ठेवलेल्या घराचा आग-वादळाचा विमा बँक मागू शकते. तारण सांभाळणे हा तिचा हक्क आहे, आणि २०२० चे निसर्ग व २०२१ चे तौक्ते ज्यांनी किनाऱ्यावर पाहिले त्यांना या विम्याचे मोल सांगायला नको. मात्र तो अमुकच कंपनीचा घ्या अशी सक्ती बँकेला करता येत नाही. घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून आहे. ती दुसऱ्या कंपनीकडून काढून पॉलिसीवर बँकेचे नाव नोंदवून दिले तरी चालते. होडीच्या कर्जात होडीचा विमा हाही याच जातीतला.

कर्जदाराच्या जीवाचा विमा मात्र ऐच्छिक. कर्जदार गेला तर उरलेले कर्ज विमा कंपनी भरते. बहुतेक वेळा ही सामूहिक पॉलिसी असते: मूळ पॉलिसी बँकेच्या नावावर आणि तुमच्या हातात फक्त विमा प्रमाणपत्र. हप्ता एकरकमी, सुरुवातीलाच. गळ्यात मारण्याचे प्रकार सर्वांत जास्त इथेच होतात. त्याच्या जोडीला गंभीर आजार, अपघात, नोकरी गेल्यास हप्ते भरणारे संरक्षण असे तुकडे चिकटवलेले असतात.

तिसरा प्रकार छोट्या सरकारी योजनांचा. प्रधानमंत्री जीवनज्योतीचे वर्षाला ४३६ रुपये आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये बचत खात्यातून जातात. दोन्ही ऐच्छिक आहेत, शाखेत लेखी अर्ज दिला की थांबतात. पण प्रत्येकी २ लाखांच्या संरक्षणासाठी ही रक्कम फार नाही, तेव्हा रागाच्या भरात बंद करू नका.

आंबा-काजू बागायतदारांच्या पीककर्जातून फळपीक विम्याची रक्कम वजा होते तो मामला वेगळा. खरीप २०२० पासून कर्जदार शेतकऱ्यालाही तो ऐच्छिक आहे. नको असेल तर अंतिम मुदतीच्या किमान ७ दिवस आधी बँकेत लेखी नकार द्यावा लागतो. नकार दिलाच नसेल तर नंतर बँकेशी भांडण्यात अर्थ नाही, कारण तिथे नियम बँकेच्या बाजूचा आहे.

फसवून विकला असे केव्हा म्हणता येते

“मला आता नको वाटतो” हे तक्रारीचे कारण होत नाही. विक्रीच्या वेळी काय चुकले ते बोट ठेवून दाखवावे लागते. कारणे ढोबळमानाने अशी.

संमतीच नव्हती. कर्जाच्या वीस-पंचवीस सह्यांच्या गठ्ठ्यात विम्याचा कोरा फॉर्म सरकवला, किंवा “कर्जाचा ओटीपी आहे, सांगा” म्हणून विम्याचा ओटीपी घेतला.

सक्ती केली. “विमा घेतला नाही तर फाइल पुढे जाणार नाही,” हे वाक्य. रिझर्व्ह बँकेच्या २०१४ च्या ग्राहक हक्क सनदेत पारदर्शक व प्रामाणिक व्यवहाराचा आणि ग्राहकाच्या गरजेला साजेशाच वस्तूचा हक्क दिलेला आहे. सक्तीच्या तक्रारीत या सनदेचा उल्लेख जरूर करा.

खोटे सांगितले. “कर्ज फिटले की सगळे पैसे परत मिळतात”, “नवरा-बायको दोघांना लागू आहे”, “एफडीसारखेच आहे”. निव्वळ संरक्षणाच्या पॉलिसीत मुदत संपल्यावर काहीही परत मिळत नाही.

उपयोगाचाच नव्हता. याची उदाहरणे किनाऱ्यावर ठळक दिसतात. समजा हर्णैच्या एका नाखव्याने इंजिनासाठी कर्ज घेतले आणि त्याला नोकरी गेल्यावर हप्ते भरणारे संरक्षण विकले. अशा संरक्षणाची अट असते की पगारी माणसाला मालकाने कामावरून काढले पाहिजे. नाखव्याला मालकच नाही, तर त्याला काढणार कोण? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांचे हप्ते विमा भरेल असे त्याला सांगितले असेल तर ते सरळ खोटे. बागायतदार, रिक्षावाला, खानावळ चालवणारी बाई, या कोणालाही हे संरक्षण कधीच मिळणार नाही. हप्ता मात्र पूर्ण घेतला जातो.

अनुपयोगाचा दुसरा प्रकार मुदतीचा, आणि तो पटकन लक्षात येत नाही. कर्ज १५ वर्षांचे, विमा ५ वर्षांचा. प्रमाणपत्रावरची संरक्षण संपण्याची तारीख आणि कर्जाच्या शेवटच्या हप्त्याची तारीख शेजारी शेजारी ठेवून पाहा.

शेवटचे कारण, किंमत लपवली. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर झालेल्या किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांना बँकेने ‘मुख्य तथ्य विवरणपत्र’ (की फॅक्ट्स स्टेटमेंट, म्हणजे कर्जाचे दर आणि खर्च मांडलेला कागद) देणे बंधनकारक आहे. कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत, आणि विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस देऊन. बँकेमार्फत वसूल होणारा विम्याचा हप्ता त्यात लिहिलेला हवा आणि वार्षिक टक्केवारी दरात (व्याजासह सगळे खर्च धरून निघणारा वर्षाचा दर) धरलेला हवा. विवरणपत्रात नसलेली रक्कम तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय कापता येत नाही. ४८,००० चा आकडा या कागदावर नसेल तर तुमची बाजू अर्ध्याहून अधिक भक्कम झालीच.

कागद गोळा करा, आणि नीट पाहा

शाखेत लेखी अर्ज देऊन या गोष्टींच्या प्रती मागा: मंजुरीपत्र, मुख्य तथ्य विवरणपत्र, कर्ज वितरणाच्या दिवसापासूनचा खात्याचा उतारा, विम्याचा भरलेला प्रस्ताव फॉर्म, आरोग्य घोषणापत्र, विमा प्रमाणपत्र आणि हप्त्याची पावती. विमा ओटीपीवर किंवा फोनवर झाला असेल तर संमतीची नोंद आणि पडताळणीच्या फोनचे रेकॉर्डिंगही मागा. “आमच्याकडे फॉर्म नाही, कंपनीकडे गेला” हे ठरलेले उत्तर. तोच अर्ज मग विमा कंपनीला ईमेलने पाठवा.

उताऱ्यावर ‘विमा’ असे स्वच्छ लिहिलेले सापडेलच असे नाही. नोंदी तोडक्या इंग्रजीत असतात. कर्ज वितरणाच्या दिवसाच्या आसपासची प्रत्येक वजावट तपासा आणि प्रक्रिया शुल्क, मुद्रांक शुल्क, सर्च रिपोर्ट यांचा मेळ लावा. जी रक्कम कशातच बसत नाही तिथे बोट ठेवून विचारा. बचत खात्याचा उताराही घ्या, कारण काही वेळा कर्ज आधी बचत खात्यावर येते आणि विमा तिथून जातो.

प्रस्ताव फॉर्म हातात आला की तो भिंग लावल्यासारखा वाचावा. फॉर्म इंग्रजीत आणि सही मराठीत असेल (किंवा अंगठा असेल) तर फॉर्मच्या शेवटी एक घोषणा असते: “मी अर्जदाराला मजकूर त्याच्या भाषेत समजावून सांगितला.” ती कोरी आहे का? भरली असेल तर खाली कोणाचे नाव आहे, आणि त्या माणसाला तुम्ही कधी पाहिले होते का? मजकुराचे अक्षर कोणाचे? मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचेच आहेत का? ईमेल तुमचा नसेल तर पॉलिसी तुम्हाला मिळालीच नाही हा मुद्दा बळकट होतो. फॉर्मवरची तारीख कर्ज मंजुरीच्या आधीची की वितरणाच्या दिवसाची? मंजुरीनंतर, ठेकेदाराचा धनादेश अडकलेला असताना घेतलेली सही सक्तीचा मुद्दा बळकट करते.

आरोग्य घोषणापत्र तर सर्वांत धोकादायक कागद. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, सगळ्या चौकटींत ‘नाही’ अशा खुणा एकाच शाईत सरसकट मारलेल्या आढळतात. कर्जदाराला दहा वर्षांपासून मधुमेह असेल तर हा विमा हप्ता घेताना चालतो आणि दाव्याच्या वेळी आजार लपवला म्हणून अडकतो. खुणा तुम्ही केल्या नसतील तर तसे तक्रारीत लिहाच, आणि मधुमेहाच्या जुन्या कागदाची प्रत जोडा.

३० दिवसांची संधी

पॉलिसी किंवा प्रमाणपत्र हातात पडल्यापासून ३० दिवसांत कारण न सांगता ती परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. २०२४ पूर्वी ही मुदत बऱ्याच पॉलिसींना १५ दिवसांची होती. तेवढ्या दिवसांच्या संरक्षणाचा हप्ता, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च वजा करून बाकी सगळे परत मिळते. फसवणूक सिद्ध करण्याची गरज नाही, त्यामुळे कर्ज नवीन असेल तर आधी हीच वाट धरा. सामूहिक विम्यात प्रमाणपत्रावर ही अट छापलेली असते, तिचे नेमके शब्द वाचा.

यात माणसे चुकतात ती एकाच ठिकाणी. शाखेत तोंडी सांगतात, शाखा म्हणते “वर कळवलेय, होईल”, आणि महिना उलटतो. अर्ज पहिल्याच दिवशी थेट विमा कंपनीला ईमेल करा आणि प्रत बँकेला द्या. पॉलिसी टपालाने आली असेल तर लिफाफा फेकू नका, त्यावरचा शिक्का हाच मिळाल्याच्या तारखेचा पुरावा. मुंबईत राहणाऱ्या चाकरमान्यांच्या पॉलिसी गावच्या पत्त्यावर जाऊन बंद घराच्या पडवीत पडून राहतात. प्रमाणपत्र मिळालेच नसेल तर तसे लेखी कळवा आणि प्रत मागा; मुदत मिळाल्यापासून मोजायची असते.

तक्रार लिहावी कशी

एक पान पुरे. शिव्याशाप नकोत, शाखेतल्या कर्मचाऱ्याचा उद्धार नको. काय झाले, केव्हा, किती रुपये, काय हवे. नमुना असा:

प्रति, मा. शाखा व्यवस्थापक, (बँक व शाखा)
प्रत: तक्रार निवारण अधिकारी, (विमा कंपनी)

विषय: गृहकर्ज खाते क्र. ____ मधून माझ्या संमतीशिवाय वजा केलेला विमा हप्ता रु. ४८,००० व्याजासह परत मिळण्याबाबत.

महोदय,
माझे वरील कर्ज दि. ____ रोजी मंजूर झाले व दि. ____ रोजी वितरित झाले. त्याच दिवशी खात्यातून रु. ४८,००० विमा हप्ता म्हणून वजा झाले (उताऱ्याची प्रत जोडली आहे). हा विमा ऐच्छिक असल्याचे मला सांगण्यात आले नाही. मुख्य तथ्य विवरणपत्रात ही रक्कम नमूद नाही. प्रस्ताव फॉर्म इंग्रजीत असून तो मला मराठीत समजावून सांगितलेला नाही; त्यावरील आरोग्यविषयक उत्तरे मी दिलेली नाहीत. कर्जाची मुदत १५ वर्षे असताना विम्याची मुदत ५ वर्षेच आहे.

माझी मागणी: (१) विमा सुरुवातीपासून रद्द करून पूर्ण हप्ता परत करावा, (२) ही रक्कम वजावटीच्या मूळ तारखेपासून कर्ज खात्यात जमा धरून त्यावर आकारलेले व्याज परत करावे, (३) सुधारित हप्त्यांचे वेळापत्रक द्यावे, (४) मागणी अमान्य असल्यास कारणांसह लेखी उत्तर द्यावे.

सही, तारीख, पत्ता, मोबाइल

तुमच्या बाबतीत जे खरे आहे तेवढेच लिहा. यातली दोनच कारणे लागू असतील तर दोनच. एक खोटे विधान निघाले की उरलेल्या खऱ्यांवरही संशय येतो. दुसऱ्या मागणीतले ‘मूळ तारखेपासून’ हे शब्द मात्र गाळू नका. ते नसतील तर बँक आजच्या तारखेने ४८,००० जमा करते आणि मधल्या वर्षांचे व्याज तिच्याकडेच राहते.

दोन प्रती काढा. एका प्रतीवर शाखेचा शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही घ्या. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर वाद घालत बसू नका. पोस्टात जाऊन स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा, आणि तेच पत्र बँकेच्या तक्रार ईमेलवर टाकून तक्रार क्रमांक मिळवा. या क्रमांकाशिवाय पुढची दारे उघडत नाहीत.

उत्तर आले नाही, किंवा नकार आला

बँक आणि विमा कंपनी दोघांकडेही तक्रार दिलेली असू द्या. विमा कंपनीने १४ दिवसांत निकाल द्यायचा असतो, बँकेला ३० दिवस असतात. विमा कंपनीची तक्रार विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवरही नोंदवता येते. दूरध्वनी १५५२५५ किंवा १८०० ४२५४ ७३२. हे पोर्टल स्वतः निवाडा करत नाही, तक्रार कंपनीकडे पोचवून तिचा पाठपुरावा करते. तरी तिथे नोंद झाली की कंपनी जागी होते, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

त्यानंतर दोन लोकपालांपैकी (ग्राहकांच्या तक्रारींवर निवाडा देणारे अधिकारी) एकाची निवड करायची. एकाच कारणासाठी एकाच वेळी दोन ठिकाणी निवाडा मागितला तर अर्ज फेटाळला जातो, म्हणून इथे डोके शांत ठेवून ठरवा.

वागणूक बँकेची वाईट असेल, म्हणजे संमतीशिवाय खात्यातून पैसे काढले, कर्ज अडवून सक्ती केली, विवरणपत्र दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही तर त्यापुढे वर्षभरात तक्रार करता येते. संकेतस्थळ सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन, मदतीसाठी १४४४८. संगणक जमत नसेल तर कागदी अर्ज रिझर्व्ह बँक, चौथा मजला, सेक्टर १७, चंदीगड १६००१७ या पत्त्यावरच्या केंद्राला पाठवा. देशभरचे अर्ज तिथेच जातात. बऱ्याच बिगरबँक वित्त कंपन्याही या योजनेत येतात. जिल्हा बँक किंवा नागरी सहकारी बँक असेल तर पोर्टलच्या यादीत तिचे नाव आधी शोधा. पतसंस्था यात येत नाहीत. त्यांच्यासाठी तालुक्याचे सहायक निबंधक आणि जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था. पतसंस्थेमार्फत विकलेल्या विम्याची कंपनीविरुद्धची तक्रार मात्र नेहमीच्याच वाटेने जाते.

पॉलिसीच्या अटी चुकीच्या सांगितल्या, निरुपयोगी संरक्षण विकले, परतावा कमी दिला किंवा दावा नाकारला, तर विमा लोकपाल. कंपनीकडे लेखी तक्रार करून एक महिना गेला किंवा नकार आला की त्यापुढे एक वर्षाच्या आत अर्ज करायचा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग पुणे कार्यालयाकडे येतात. रायगडकरांनी विमा लोकपाल परिषदेच्या सीआयओआयएनएस डॉट सीओ डॉट इन या संकेतस्थळावर आपले कार्यालय पाहून घ्यावे. अर्ज ऑनलाइन होतो. सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते, तेव्हा सावंतवाडीहून पुण्याची गाडी पकडण्याआधी तशी विनंती लेखी करा. फी नाही, वकील चालत नाही, तुम्ही स्वतःच बोलायचे. सगळे कागद पोचल्यापासून तीन महिन्यांत निवाडा होतो आणि तो मिळाल्यापासून ३० दिवसांत कंपनीला पाळावा लागतो. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला पटला नाही तर ग्राहक आयोगाचे दार उघडे राहते.

ग्राहक आयोग म्हणजे रत्नागिरी, सिंधुदुर्गनगरी किंवा अलिबागचा जिल्हा आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथेच तक्रार दाखल करता येते, मग कर्ज मुंबईच्या शाखेतून घेतलेले असले तरी. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. मुदत घटनेपासून २ वर्षे. वेळ अधिक लागतो, पण मनस्तापाची भरपाई आणि बँक व कंपनी दोघांना एकत्र उभे करणे इथे सोपे पडते. काही अडले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विचारा.

जिथे ठेच लागते

“सही तुमचीच आहे ना?” या प्रश्नाला घाबरून अनेक जण माघार घेतात. सही आहे हे मान्य करा आणि लगेच विचारा: विवरणपत्र कुठे आहे, भाषेची घोषणा कोणी भरली, पडताळणीचा फोन कोणत्या नंबरवर झाला? सही असणे आणि समजून संमती देणे यातला फरक लोकपालाला ठाऊक असतो. तो कागदांवरून दाखवायचे काम तुमचे.

तक्रार जोर धरू लागली की शाखा गोड बोलून सरेंडरचा फॉर्म पुढे करते. “यावर सही करा, पैसे येतील.” सही करू नका. सरेंडर म्हणजे तुम्ही राजीखुशीने विमा सोडला. मग वापरलेली मुदत आणि कंपनीच्या सूत्राप्रमाणे कापून उरेल तेवढेच मिळते, आणि फसवणुकीचा मुद्दा बोथट होतो. सरेंडरचा उपयोग दुसऱ्या प्रसंगी आहे. विमा राजीखुशीने घेतला होता आणि कर्ज मुदतीआधी फेडले, तर उरलेल्या मुदतीचा परतावा मागायचा. तो आपणहून खात्यावर येईल अशा भरवशावर राहू नका. कर्ज बंद करण्याच्या दिवशीच अर्ज द्या.

हप्ते थांबवून बँकेला धडा शिकवायचा विचार मनात येतो, तोही झटकून टाका. थकबाकीची नोंद क्रेडिट अहवालात जाते, दंड लागतो, जामीनदाराला नोटीस जाते, आणि तुमची खरी तक्रार बाजूला पडून तुम्हीच थकबाकीदार ठरता. हप्ता भरत राहा.

विमा रद्द करण्यापूर्वी एक गोष्ट घरात बसून ठरवा. कर्जदार घरातला एकटा कमावता असेल, वय पन्नाशीकडे झुकलेले असेल, तर संरक्षण गेल्यावर बायकामुलांच्या डोक्यावर कर्ज राहील. अशा वेळी आधी स्वतंत्र मुदत विमा काढा, तो मिळाल्याची खात्री करा आणि मगच हा रद्द करा. फ्री लूकचे ३० दिवस चालू असतील तर ही घाई त्याच महिन्यात करावी लागेल. स्वतंत्र विम्याची रक्कम कुटुंबाच्या हातात येते, बँकेच्या नाही, आणि कर्ज दुसऱ्या बँकेत नेले तरी तो टिकतो.

आणि कर्जदाराचे निधन झालेले असेल तर विमा चुकीचा विकला अशी तक्रार करूच नका. कुटुंबाने दावा मागायचा. परतावा आणि दावा या दोन्ही गोष्टी एकत्र मागता येत नाहीत. विमाच खोटा होता असे म्हणाल तर दावा कशाच्या आधारे मागणार? विमा सुरू होऊन तीन वर्षे उलटली असतील तर विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार माहिती लपवल्याचे कारण काढून पॉलिसीवर प्रश्न उभा करता येत नाही. नकारपत्र लेखी घ्या आणि वारसाच्या नावे विमा लोकपालाकडे जा.

तक्रारीची कुणकुण कशी लागते कोण जाणे, पण काही दिवसांत “विमा लोकपाल कार्यालयातून बोलतोय, तुमचे पैसे मंजूर झालेत, आधी इतके भरा” असे फोन येतात. विमा नियामक किंवा लोकपाल पैसे सोडवण्यासाठी पैसे मागत नाही. फोन ठेवा, सायबर हेल्पलाइन १९३० ला कळवा. इंटरनेटवर ‘पीपीआय रिफंड’ (पीपीआय म्हणजे कर्जाच्या हप्त्यांचा विमा) शोधून सापडणारी बरीचशी माहिती ब्रिटनची आहे. तिथल्या बँकांनी अशाच विम्यापोटी ३८ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम ग्राहकांना परत केली, पण तिथे तक्रारीची मुदत २९ ऑगस्ट २०१९ ला संपली. तिथले फॉर्म, तिथली कारणे, तिथले दलाल आपल्या कामाचे नाहीत.

निकाल बाजूने लागला की रक्कम कुठे जमा झाली ते पाहा. कर्ज खात्यात आली असेल तर उताऱ्यावर मूळ तारीख धरली आहे का, मुद्दल तेवढ्याने घटले का, आणि हप्ता कमी झाला की मुदत, हे तिन्ही तपासा. मुदत कमी करून घेणे सहसा फायद्याचे, कारण एकूण व्याज जास्त वाचते. विमा प्रमाणपत्र रद्द झाल्याचे कंपनीचे पत्र आणि बँकेचे सुधारित वेळापत्रक, दोन्ही कागद कर्जाच्या फाइलला लावून ठेवा. कर्ज फिटल्यावर खरेदीखत परत घ्यायला जाल तेव्हा जुन्या हिशोबाने ‘बाकी’ काढली गेली तर हेच दोन कागद पुढे करायचे.